विश्लेषण : पावसाळ्याआधी घरातील नळ, टाकी आणि विहिरीची मोटर का तपासावी?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील सरांडी गावात जून २०२३ च्या अखेरीस एका विहिरीत चौघांचा गुदमरून मृत्यू झाला. एक जण कामासाठी खाली उतरला. तो वर येईना म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला आणि त्यांच्यामागे आणखी दोघे. पावसाळ्याच्या तोंडावर विहीर, टाकी आणि मोटरीची कामे निघतात, तेव्हा अशा बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. घरातली पाण्याची व्यवस्था बिघडली की आपण फार तर एक दिवसाची गैरसोय आणि प्लंबरचे बिल एवढाच विचार करतो. प्रत्यक्षात त्या बिघाडाच्या पोटी कावीळ, विजेचा धक्का, डेंग्यू आणि क्वचित थेट मृत्यूही असतो. यातले बहुतेक प्रसंग थोड्या देखभालीने टाळता येतात. ती देखभाल कोणती, कधी करायची आणि कोणत्या कामाला हात लावायचा नाही, याविषयी…

बिघाड ‘अचानक’ होतो का?

रात्री पाईप फुटला, सकाळी मोटर बंद पडली, पाहुणे आले आणि शौचालय तुंबले. हे सगळे अचानक घडल्यासारखे वाटते. पण फुटलेल्या पाईपवर आधी महिनाभर ओल दिसत असते. जळलेली मोटर आधी काही दिवस घरघरत असते, चालू व्हायला वेळ घेत असते. तुंबलेल्या शौचालयात पाणी आधीपासून हळू उतरत असते. म्हणजे सूचना मिळालेली असते, लक्ष गेलेले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई. बिघाड झाल्यावर जी दुरुस्ती होते ती घाईत, बहुतेकदा अंधारात, ओल्या जागेत आणि हाताशी असेल त्या माणसाकडून होते. अपघात नेमके तेव्हा घडतात. तेच काम मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, वीज बंद करून, सवडीने केले तर धोका खूप कमी होतो आणि खर्चही.

गोंदिया जिल्ह्यात प्रश्न वेगळा कसा?

थंड देशांत नळ गोठून फुटणे ही मोठी काळजी असते. विदर्भात हिवाळ्यातले नीचांकी तापमान अनेकदा गोंदियात नोंदले जाते, तरी इथे पाईप गोठत नाहीत. इथला शत्रू उन्हाळा आहे. गच्चीवरचा उघडा पीव्हीसी पाईप उन्हाने कडक आणि ठिसूळ होतो. टाकीचे झाकण वाकते, त्याला चिरा जातात. रबराचे वायसर आटतात आणि तोटी गळू लागते.

शिवाय या जिल्ह्यात एका घरात पाण्याचे दोन-तीन स्रोत असणे नेहमीचे आहे. अंगणात विहीर किंवा बोअरवेल, दारात नळयोजनेची तोटी, गच्चीवर टाकी. शहराला वैनगंगेवरील डांगोर्ली येथून पाणी मिळते. उन्हाळ्यात नदीपात्र आटल्यावर पुजारीटोला धरणातून पाणी सोडून शहराची तहान भागवण्याची वेळ याआधी आली आहे. गावांमध्ये ‘जल जीवन मिशन’मुळे नळजोडण्या वाढल्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या योजनेत दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे.

मात्र नळ घरात आला म्हणजे पाणी चोवीस तास आले असे नाही. ते ठरावीक वेळी येते, म्हणून साठवावे लागते. साठवले की टाकी, मोटर, व्हॉल्व्ह आणि ओव्हरफ्लो हे सगळे मागे येते. पूर्वी विहिरीवर दोर आणि बादली सांभाळली की पुरे होते. आता प्रत्येक घर ही एक छोटी पाणीपुरवठा योजनाच झाली आहे. फरक एवढाच, की तिची देखभाल कोणाकडे हे घरात कधी ठरलेले नसते.

हा जिल्हा तलावांचा. नवेगावबांधसारखे मोठे जलाशय आणि गावोगावचे मालगुजारी तलाव इथे पिढ्यान् पिढ्या पाणी धरून आहेत. तलाव बांधून भागत नाही, त्याची पाळ आणि पाट सांभाळावे लागतात, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. घरातल्या टाकीलाही तोच नियम लागू आहे.

थेंबथेंब गळतीने किती पाणी जाते?

हे मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. गळणाऱ्या तोटीखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवावा. तो १५ मिनिटांत भरला, तर दिवसाला १९ लिटरहून थोडे जास्त पाणी जाते. वर्षाला साधारण ७,००० लिटर. म्हणजे हजार लिटरच्या सात टाक्या.

बारीक धार असेल तर हिशेब आणखी वाढतो. एक लिटरची बाटली दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला १४४ लिटर वाया जातात. जल जीवन मिशनच्या निकषाने हे दोन माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त आहे. इतके करून बिघाड असतो काही रुपयांच्या वायसरचा किंवा तोटीतल्या स्पिंडलचा.

पैशाचे नुकसान पाण्यापुरते नसते. टाकी लवकर रिकामी होते, म्हणून मोटर जास्त वेळा चालते आणि विजेचे बिल वाढते. गळती भिंतीत किंवा स्लॅबमध्ये असेल तर आतली लोखंडी सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचे पोपडे पडू लागतात. तोटीची दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांत होते, स्लॅबची होत नाही.

न दिसणारी गळती कशी ओळखायची?

यासाठी तीन सोप्या चाचण्या आहेत.

पहिली टाकीची. रात्री झोपताना टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने किंवा काठीवर खूण करून नोंदवावी आणि सगळे नळ बंद करावेत. रात्रभर पाणी वापरले नसताना सकाळी पातळी उतरली, तर पाणी कुठेतरी जिरते आहे. मीटर असलेल्या घरात हीच चाचणी मीटरवर करता येते. सगळे नळ बंद असताना काटा फिरत असेल तर मीटरपासून पुढच्या पाईपमध्ये गळती आहे.

दुसरी शौचालयाच्या फ्लश टाकीची. टाकीत कपड्यांना घालायची नीळ थोडी टाकावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले, तर आतले रबर झिजले आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन् महिने लक्षात येत नाही.

तिसरी मोटरची. कोणी नळ उघडलेला नसताना टाकी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो का, ते पाहावे. लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, पाईपच्या जोडातून हवा शिरते आहे किंवा विहिरीची पातळी खाली गेली आहे.

नालीतून जाणारा पाईप धोकादायक का?

शहरातल्या आणि मोठ्या गावांच्या गल्ल्यांत एक दृश्य नेहमीचे आहे. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा अर्ध्या-पाऊण इंची पाईप उघड्या नालीतून किंवा तिला खेटून गेलेला असतो. पाणी चालू असताना पाईपच्या आत दाब असतो. तेव्हा चिरेतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की दाब संपतो, आणि कधी कधी आत उलटी ओढ निर्माण होते. तेव्हा त्याच चिरेतून नालीचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिल्या बादलीत तेच घरात येते.

थेट नळाला टिल्लू पंप लावला की ही ओढ कित्येक पटींनी वाढते. पंप लावणाऱ्याला जास्त पाणी मिळते, शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो आणि वाटेतल्या प्रत्येक फटीतून घाण आत खेचली जाते. ती घाण कोणाच्या नळातून बाहेर येईल हे सांगता येत नाही. ज्याने पंप लावला त्याच्याच घरी ती येण्याची शक्यताही तितकीच.

दूषित पाण्याची किंमत काय असते ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू शकतात. काही रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. तो दूषित पाणी आणि अन्नातून पोटात जातो. हगवण, कावीळ, टायफॉईड हे तर पावसाळ्यातले नेहमीचे पाहुणे आहेत. त्यांचा रस्ताही बहुतेकदा हाच असतो.

उपाय काय? मुख्य वाहिनीवरच्या जोडणीपासून घरापर्यंतच्या पाईपची देखभाल सर्वसाधारणपणे नळधारकाकडे असते. तो पाईप नालीतून काढून वर, कडेने न्यावा. ते शक्य नसेल तर नाली ओलांडताना मोठ्या व्यासाच्या पाईपच्या आवरणातून न्यावा आणि नालीच्या आत कोणताही जोड ठेवू नये. नळ सुटल्यावर पहिली एक-दोन मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते अंगण धुवायला किंवा झाडांना वापरावे. पाणी गढूळ किंवा वास येणारे असेल तर त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे. एका घरात आलेले घाण पाणी ही गल्लीची तक्रार असते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळते. भारतीय मानकानुसार नळापाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ही चाचणी करून घेता येते.

टाकी केव्हा आणि कशी धुवायची?

वर्षातून किमान दोनदा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. उन्हाळ्यात टाकीत पाणी तापते, झाकण सैल असेल तर धूळ आणि पाने पडतात, तळाला गाळ बसतो. नव्या पाण्यात हाच गाळ ढवळला जातो.

रीत साधी आहे. आधी मोटर आणि नळाचा कॉक बंद करावा. टाकी जवळजवळ रिकामी करून तळाचा गाळ काढावा. आतल्या भिंती ब्रशने घासाव्यात आणि एकदा धुवून घ्याव्यात. नंतर टाकी पाण्याने भरून ब्लिचिंग पावडरने निर्जंतुक करावी. हजार लिटरच्या टाकीला चांगली, ताजी पावडर साधारण १५० ग्रॅम लागते. ती थेट टाकीत ओतू नये. बादलीत पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी टाकीत सोडावे. पाणी काही तास, शक्यतो रात्रभर, तसेच ठेवून सगळे काढून टाकावे आणि टाकी पुन्हा एकदा धुवावी. हे पाणी पिऊ नये आणि जनावरांनाही पाजू नये.

रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाण अगदी वेगळे आहे. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास थांबून वापर. दोन्ही प्रमाणांची गल्लत होऊ देऊ नये.

एक इशारा महत्त्वाचा. ब्लिचिंग पावडर आणि शौचालय धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही वस्तू एकाच बादलीत, एकाच वेळी कधीही वापरू नयेत.

जमिनीखालची बंद टाकी असेल तर आत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, बाहेर एक माणूस उभा ठेवावा आणि आत पावडर वापरू नये.

डासांचा या टाकीशी संबंध काय?

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. पिंप, हौद, कूलर रिकामे करून घासून कोरडे करणे हा त्याचा अर्थ. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.

गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाईपला बारीक जाळी हवी. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या पाईपलाही जाळी बांधावी. वर्षभरात ती उन्हाने फाटते, त्यामुळे टाकी धुताना तीही पाहावी.

विहिरीतल्या मोटरीचे काय?

या जिल्ह्यातल्या अनेक घरांत मोटर विहिरीच्या आत, कठड्याखाली बसवलेली असते. त्यामागे कारण आहे. वर बसवलेला पंप हवेच्या दाबाच्या आधाराने पाणी ओढतो आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरपेक्षा खोल गेलेले पाणी त्याला ओढता येत नाही. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पंपही खाली न्यावा लागतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पाणी वर चढते, मोटर बुडण्याची वेळ येते आणि ती काढायला कोणीतरी घाईत विहिरीत उतरते.

महिनोन् महिने वापर नसलेल्या, पालापाचोळा कुजणाऱ्या किंवा अर्धवट झाकलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. कुजण्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे हवेपेक्षा जड वायू खाली साठतात. ते दिसत नाहीत आणि अनेकदा वासही येत नाही. माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरच्या माणसाला वाटते तो पाय घसरून पडला, आणि वाचवायला तोही उतरतो. एका विहिरीत एकापाठोपाठ अनेक जीव जातात ते असे.

कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचेच नाही, एवढे ती नक्की सांगते. पण दिवा विझला नाही म्हणजे विहीर सुरक्षित आहे, असे मात्र होत नाही. काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीच्या आत चालवणे तर आणखी धोक्याचे, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतो.

टाळता येण्यासारखे काय आहे? मोटर अशी बसवावी की ती दोर आणि कप्पीने वरूनच ओढून काढता येईल. पाण्याखाली चालणारा सबमर्सिबल पंप असेल तर पातळी बदलल्यावर खाली उतरण्याची गरजच उरत नाही. वर काढण्याचे काम पावसाची वाट न पाहता मे अखेरीस करावे. उतरणे अटळ असेल तर एकट्याने नाही, कमरेला दोर बांधल्याशिवाय नाही आणि दोर धरायला वर किमान दोन माणसे असल्याशिवाय नाही. खालचा माणूस बेशुद्ध झाला तर दोराने ओढावा, मागे उतरू नये. १०१ वर अग्निशमन दलाला, १०८ वर रुग्णवाहिकेला किंवा ११२ वर मदतीला बोलवावे.

विजेची बाजूही तितकीच महत्त्वाची. मोटरीचे अर्थिंग दरवर्षी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. वायरला चिकटपट्टी लावलेला जोड पाण्याजवळ ठेवू नये. गळती विद्युतप्रवाह ओळखून तत्काळ वीज तोडणारे उपकरण, म्हणजे ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, मोटरीच्या जोडणीवर हवेच. ओल्या हाताने किंवा पाण्यात उभे राहून स्टार्टरला हात लावू नये. विहीर आटल्यावर कोरडी चालल्याने मोटर जळते. ते थांबवणारे ड्राय-रन संरक्षण आता स्टार्टरसोबत मिळते.

शौचालयाची टाकी तुंबली तर कायदा काय सांगतो?

सेप्टिक टँक दोन ते तीन वर्षांनी उपसावी असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ती भरून वाहू लागेपर्यंत कोणी झाकण उघडत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, घर पाहुण्यांनी भरते आणि नेमके तेव्हा शौचालय तुंबते. मग मिळेल त्या मजुराला बोलावून ‘जरा उतरून पाहा’ असे सांगितले जाते.

हे बेकायदा आहे. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर बंदी घातली आहे. ही बंदी फक्त नगरपालिका आणि ठेकेदारांसाठी नाही. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असा उल्लेख आहे, म्हणजे घरमालकही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटार सफाईतील मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली.

या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण वायू जास्त झाला की नाकाची संवेदनाच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणारा माणूस फसतो. मिथेन पेट घेतो, म्हणून उघड्या झाकणाजवळ काडी किंवा विडी पेटवू नये.

टाकी उपसण्यासाठी नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीमार्फत अथवा खासगीत मैला ओढणारी सक्शन गाडी बोलवावी. झाकण सिमेंटने कायमचे बुजवू नये, उघडता येईल असे ठेवावे. टाकी कधी उपसली ती तारीख झाकणाजवळ किंवा घरच्या वहीत लिहून ठेवली तर पुढची तारीख चुकत नाही.

मोरी आणि सिंक का तुंबतात?

धानाच्या जिल्ह्यात याचे उत्तर ताटातच आहे. भाताची शिते, पेज आणि तेल. शिते पाण्यात फुगतात, पेजेचा स्टार्च पाईपला चिकटतो आणि त्यावर थंड झालेले तेल बसते. काही महिन्यांत दोन इंची पाईप बोटभर होतो.

भांडी धुण्याआधी उष्टे काढून टाकणे, सिंकवर जाळी ठेवणे आणि तळणीचे तेल मोरीत न ओतणे, एवढ्याने बहुतेक तुंबणे थांबते. महिन्यातून एकदा सिंकखालचा वळणाचा भाग, म्हणजे ट्रॅप, उघडून साफ करावा. त्या वळणात थोडे पाणी कायम असते. तेच नालीचा वास आणि झुरळे अडवते. वापरात नसलेल्या न्हाणीत हे पाणी सुकते आणि घरात दुर्गंधी येते. अशा वेळी बादलीभर पाणी ओतले तरी पुरते. दरवेळी ॲसिड ओतणे हा उपाय नाही, त्याने जोड आणि सिमेंट खराब होते.

गिझरकडे केव्हा पाहावे?

थंडी सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. साठवणीच्या गिझरला दाब सोडणारा एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. त्यातून थेंब येतात म्हणून काही जण तो बुजवतात. ही मोठी चूक आहे. आतले पाणी जास्त तापले तर वाफेचा दाब जायला तीच एक वाट असते. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाईप चालत नाही, सीपीव्हीसी किंवा धातूचाच लागतो.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, चक्कर येते आणि दार आतून बंद असल्याने बाहेर कळतही नाही.

कोणते काम घरी, कोणते कारागिराकडे?

तोटीचे वायसर बदलणे, शॉवर आणि तोटीची जाळी साफ करणे, ट्रॅप उघडणे, टाकीची जाळी बांधणे, फ्लोट व्हॉल्व्ह नीट बंद होतो का ते पाहणे ही कामे घरची माणसे करू शकतात. पाना, टेफ्लॉन टेप, दोन-चार वायसर एवढे साहित्य घरात असावे.

भिंतीतली गळती, मोटरीची वायर, गिझर, विहिरीत आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणे ही कामे स्वतः करू नयेत. भाड्याच्या घरात मोठी दुरुस्ती कोणी करायची हे करारातच लिहून घेतले तर पाणी गळत असताना वाद होत नाही.

वर्षाचे वेळापत्रक कसे असावे?

होळीनंतर : उन्हात असलेले पाईप रंगवणे किंवा झाकणे, टाकीचे झाकण पाहणे, सगळ्या तोट्यांची गळती काढणे.

मृगाआधी : टाकी धुणे, विहिरीतली मोटर वर घेणे, अर्थिंग तपासणे, नालीतला पाईप हलवणे, गच्चीचे पावसाळी पाईप मोकळे करणे.

पोळ्याच्या सुमारास : चेंबर उघडून पाहणे, भिंतीवर नव्याने आलेली ओल शोधणे, कोरडा दिवस पाळला जातो का ते पाहणे.

दिवाळीत : टाकी पुन्हा धुणे, गिझर तपासणे, पाहुणे येण्याआधी सेप्टिक टँकची पातळी पाहणे.

महिन्यातून एकदा : घरातला प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडणे. वर्षभर न फिरवलेला कॉक गंजून बसतो आणि पाईप फुटल्यावर नेमका तोच फिरत नाही.

पाईप फुटलाच तर?

आधी मुख्य कॉक बंद करावा. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही, माहीत हवे. त्यावर लाल रंगाची खूण असावी. दुसरे, मोटर बंद करावी. पाणी स्विचबोर्डपर्यंत गेले असेल तर मेन स्विच बंद करावा, पण तिथवर पाण्यातून जावे लागत असेल तर जाऊ नये, वीज कंपनीला कळवावे. तिसरे, खालचा नळ उघडून पाईपमधले उरलेले पाणी बादल्यांत काढून घ्यावे. फट लहान असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली तर प्लंबर येईपर्यंत निभावते. ती पट्टी दुसऱ्या दिवशी काढून पाईप बदलायचा असतो. वर्षभर तशीच राहिलेली पट्टी म्हणजे पुढच्या फुटीची आगाऊ सूचना.